नाव बदललेली केस

“‘तू जा गो बाय, मी हाय भायेर!’ असं म्हणाली तिची आई.” दाराआडून मॅडमचा आवाज आला. वर्ग हसला.

मी बाहेर पॅसेजमध्ये, हातात पाण्याची बाटली. ते वाक्य माझ्या आईचं होतं.

पनवेलच्या आमच्या समुपदेशन कोर्सला गटसत्र सक्तीचं आहे. दुसऱ्यांचं ऐकण्याआधी स्वतःचं बोलायला शिकायचं. आम्ही आठजणी गोल करून बसायचो. मी कितीतरी सत्रं गप्प होते. मॅडम दर वेळी म्हणायच्या, “इथलं इथेच राहतं.” शेवटी बोलले. आई उरणच्या बाजारात मासळी विकते. माझ्या इंग्लिश मीडियम शाळेत पालकसभेला आली, तर टीचरने नाकाला रुमाल लावून मला म्हटलं, “टेल हर टू वेट आउटसाइड.” आईला इंग्रजी येत नाही. रुमाल कळला. मी तोंड उघडायच्या आत ती उठली.

तेच आता मॅडम ज्युनिअर बॅचला सांगत होत्या. आवाज काढून.

“हिला मीरा म्हणू. किनारपट्टीची मुलगी. फाडफाड इंग्लिश, पण आत न्यूनगंड ठासून भरलेला.”

“मॅडम, ती उरणवाली का?”

“नावं नाही घ्यायची हं! गोपनीयता!”

पुन्हा हशा.

शेजारी उभ्या असलेल्या, माझ्या बॅचच्या सायलीने माझं कोपर धरलं. “जाऊ दे ना यार. इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत. आणि तुझं नाव कुठे घेतलंय?”

नाव नाही घेतलं. आईचा आवाज घेतला. तिचा ‘गो’ घेतला. आमचं ऐकणारी आणि आम्हाला मार्क देणारी बाई एकच असू नये, हेही मॅडमनीच शिकवलं होतं. फळ्यावर लिहून.

मी दार ढकललं.

“अगं, ये ना,” मॅडम म्हणाल्या. “केस डिस्कशन चाललंय.”

सगळ्या वर्गाचे डोळे माझ्यावर. मला ते कधीच सहन होत नाहीत. मी दारातच उभी राहिले.

“ही केस मी आहे,” मी म्हटलं. “मला विचारलं नव्हतंत.”

हसू थांबलं.

“इतकं पर्सनली नको घेऊस गं. शिकण्यासाठीच आहे हे.”

“मग हेही शिकू दे त्यांना. मी तुमच्या गटात पुन्हा बसणार नाही. मार्क कापायचे तर कापा. माझ्या आईचा आवाज परत काढायचा नाही. तक्रार आजच लेखी देतेय मी, आणि तिच्यावर माझं खरं नाव असेल.”