सापांसाठी काडतुसं

नव्वदच्या दशकात अमिरातीतल्या अल ऐनजवळच्या एका शेतावर मी दर महिन्याला पंप दुरुस्तीला जायचो. तिथला म्हातारा बलुची राखणदार अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, भल्यामोठ्या रिव्हॉल्वरसाठी काडतुसांत बारीक छर्रे भरत बसलेला असायचा. सापांसाठी. एकेक छर्रा चष्म्याजवळ धरून निरखायचा.

एकदा पंपाखालून खरंच साप निघाला. मी टाकीवर चढलो. त्याने रिव्हॉल्वर खाली ठेवलं, खजुराच्या झावळीने साप अलगद उचलला आणि कुंपणापलीकडे सोडला.

"चाचा, गोली क्यूँ नहीं चलाई?" मी विचारलं.

"साब, साँप खलास, तो अरबाब बोलेगा, तुम भी खलास," तो शांतपणे म्हणाला.

मला हसू आलं. मग पंपाचं गळकं सील बदलायचं काम मी पुढच्या महिन्यावर ढकललं.