उजव्या कोपऱ्यावरचे पाहुणे

पाहुणे कधी खाली बसायचे नाहीत. सराव संपला की आम्ही सगळे मैदानातच पसरायचो, कुणी उताणा, कुणी पालथा, आणि हे आपले शाळेच्या भिंतीला खांदा टेकून उभे. चहा उभ्यानं, वडापाव उभ्यानं. आमच्या घरी सत्यनारायणाला आले तेव्हा तीर्थप्रसादसुद्धा त्यांनी दारात उभ्यानंच घेतला. काकू आत येऊन आईच्या कानाशी लागली, "काय माज हाय गो मेल्याला!" मला तर त्या माणसाचं काहीच आवडत नव्हतं, त्यामुळे काकूचं म्हणणं मला अगदी पटलं.

न आवडायला कारण होतं. आमचं गाव रोह्याच्या अलीकडे, कुंडलिकेच्या काठाला. गावात पोरगं नीट चालायला लागलं की कबड्डीच्या मैदानात सोडायचं, ही आमची रीत. आधी माती चाळायची, खडे वेचायचे, पाणी मारायचं. मग कधीतरी चड्डी आवळून आत उभं राहायचं. संघातली सगळी पोरं अशीच घरची तयार झालेली. मी संघनायक होतो आणि उजवा कोपरा माझ्या धाकट्या भावाचा, गण्याचा होता. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा धरायचा आणि त्याला परत जाऊ द्यायचं नाही, हे कोपऱ्यावरच्याचं काम. गण्या त्यात वाघ होता.

त्या वर्षी पेणला जिल्ह्याची स्पर्धा होती. तिथे निवड समिती बसते. जिल्ह्याच्या संघात नाव आलं की धाटावच्या एखाद्या कंपनीत चिकटायची आशा असते, भरतीत उपयोग होतो. वडील गेल्यापासून आमच्या घरात माझा एकट्याचा पगार, तोही कंत्राटी. गण्याचं शिक्षण बारावीला अडकलेलं. त्याला जे काही मिळायचं ते त्या कोपऱ्यावर उभं राहूनच मिळणार होतं, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

आणि नेमकं तेव्हाच मंडळाच्या अध्यक्षांनी काढलं, "अनुभवी माणूस पाहिजे. आपली पोरं खेळतात झकास, पण शेवटच्या पाच मिनिटांत हातपाय गाळतात." हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. स्पर्धेपुरता बाहेरून मानधन देऊन आणलेला खेळाडू, त्याला आमच्याकडे पाहुणा म्हणतात. एका संध्याकाळी हे पाहुणे जुन्या स्कूटीवरून मैदानात आले. पस्तिशी उलटलेली, कानशिलावरचे केस पिकलेले, मनगटं मात्र पहारीसारखी. वडखळच्या पुढे खाडीकाठच्या गावातले. एकेकाळी राज्याकडून खेळलेले. कंपनीच्या संघात होते. कंपनीनं संघ मोडला, त्यासोबत नोकरी गेली. तेव्हापासून कधी हे गाव नेई, कधी ते. अध्यक्षांनी त्यांना उजव्या कोपऱ्यावर उभं केलं आणि गण्याला म्हणाले, "तू जरा बाहेर बस रे." त्यांचं नाव काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण गावानं कधी घेतलं नाही.

ते मात्र सगळ्यांना 'शेट' म्हणायचे. आमच्या भागात शेट म्हणायला पैसा लागत नाही, तरी यांचं जरा जास्तच होतं. अध्यक्ष शेट, मी शेट, पाणी आणून देणारी शेंबडी पोरंही शेट. एकदा मी खवळून विचारलं, "अहो, सगळेच शेट, मग तुम्ही कोण?" तर म्हणाले, "मना ज्यानं आणला तो शेट. उद्या दुसरा आणंल, तो शेट." आणि हसले. माझा पारा आणखी चढला. माणूस उलट बोलला तर भांडता येतं, हसला की काय करणार?

पण पकड! पकड बघावी तर त्यांची. चढाई करणारा आत आला की पाहुणे पेंगल्यासारखे उभे. तो बोनसच्या गुणासाठी रेषेपलीकडे पाय टाकायचा, आणि यांचा हात कधी गेला ते कळायचंच नाही, गडी भुईला. आमच्यातला सगळ्यात चपळ पोरगा सलग चार दिवस त्यांच्या बाजूला चढाई करून आला आणि चारही दिवस माती खाऊन उठला. पाचव्या दिवशी तो डावीकडेच जायला लागला. एवढं बघूनही मी त्यांना 'छान' म्हणालो नाही, मनात मात्र वाटलं की हा माणूस विशीत असताना बघायला पाहिजे होता.

मग नागोठण्याला एक छोटी स्पर्धा झाली. तिथे पाहुणे बाद झाले. बाद झालेल्यांनी मैदानाबाहेर आखलेल्या चौकोनात बसायचं असतं. हे उभेच. पंच ओरडले, "बसा!" हे म्हणाले, "साहेब, उभा ऱ्हायलो तर चालंल का?" पंच म्हणाले, "नियम हाय, बसा." बसले. थोड्या वेळानं आम्हाला गुण मिळाला, त्यांना परत आत यायचं होतं, आणि पाहुण्यांना उठताच येईना. दोन्ही हात जमिनीला टेकून ओणवे झाले, एक पाय ओढत रांगले. लोक हसले. कुणीतरी शिट्टी मारली. शेवटी गण्यानंच पळत जाऊन काखेत हात घालून त्यांना उभं केलं. त्यांच्या उजव्या गुडघ्यात काही उरलंच नव्हतं. प्रत्येक सामन्याआधी दुखणं मारायच्या गोळ्या खायच्या आणि उतरायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. आईला हे कळलं तेव्हा तिनं काकूला फैलावर घेतलं, "माज नाय गो त्याला, माणूस गुडघ्यानं गेलाय." दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओटीवर त्यांच्यासाठी उंच स्टूल आलं.

त्या दिवसापासून गण्या त्यांना सोडेना. सराव संपला की दोघं मैदानात थांबायचे. ज्यानं आपली जागा घेतली त्याच्याच मागे हा शेपटासारखा, मला काही समजेना. पाहुणे सांगायचे, "पायाकडं बघू नको. पाय खोटं बोलतात. कंबर बघ. कंबर जाल तिकडंच मानूस जातो." आणि पुनःपुन्हा त्याच्याकडून तेच करून घ्यायचे. मी एकदा न राहवून विचारलं, "त्याला सगळं शिकवताय, मग उद्या तुम्हाला कोण नेईल?" ते म्हणाले, "मना कुणी ना कुणी नेल, शेट. पोराची ही वेळ गेली, तर गेली."

पेणची स्पर्धा तोंडावर आली तेव्हा ते माझ्यादेखत अध्यक्षांकडे गेले. "शेट, पोराला उभा करा. माज्यापेक्षा आता त्याचा हात बरा हाय. मी भायेरून सांगन." अध्यक्ष म्हणाले, "बाहेरून सांगायला आणलंय होय तुम्हाला? जमत नसेल तर तसं बोला, दुसरा पाहुणा बघतो." म्हणजे हे गेले तरी गण्याला जागा नव्हतीच, दुसरा कुणीतरी येणार होता. पाहुण्यांची मुलगी तेव्हा नर्सिंग शिकत होती, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. "जमंल," ते म्हणाले. तो 'जमंल' मला अजून ऐकू येतो.

पेणला सकाळचा सामना. पाहुण्यांचा गुडघा नारळाएवढा सुजलेला, वरून पट्टी आवळलेली. अंग गरम करताना ते गण्याला म्हणाले, "आज मी अर्धाच हाय. तू तयार ऱ्हा." पहिला डाव संपत आला आणि समोरचा दांडगा गडी चढाईला आला. पाहुण्यांनी घोटा धरला. तो ओढायला लागला, हे सोडेनात. आम्ही सगळे वरून पडलो. ढिगाऱ्याखालून जो आवाज आला तो मी शब्दांत सांगत नाही. गुण आमचा झाला. ते हात सोडायला तयार नव्हते, पंचांनी बोटं सोडवली. त्यांना उचलून बाहेर ठेवलं आणि आत गण्या गेला, कारण ऐन सामन्यात अध्यक्ष तरी दुसरा पाहुणा कुठून आणणार?

गण्या त्या दिवशी अंगात आल्यासारखा खेळला. कंबर बघत होता, पाय नाही. पकडीवर पकडी. सामना आम्ही जिंकलो, जिल्ह्याच्या संघात त्याचं नाव आलं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, अध्यक्षांनी फोटो काढून घेतले. पाहुणे मांडवाच्या खांबाला टेकून पडले होते, पाय सरळ, आणि टाळ्या वाजवत होते. ते घरी कसे जाणार हे मंडळातल्या एकानंही विचारलं नाही. मला संताप आला, पण त्या गलक्यात कुणाशी भांडणार?

सरकारी दवाखान्यात पट्टी करून मीच त्यांना मोटारसायकलवर घेऊन निघालो. पाय वाकत नव्हता, तो बाजूला लांब धरून ते मागे बसले होते. वडखळच्या नाक्यावर खड्ड्यांत ट्रकांची रांग लागलेली, प्रत्येक धक्क्याला त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. घरी त्यांच्या बायकोनं दार उघडलं. पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "आता कुठलं गाव नेल यांना?" मी चहासुद्धा न घेता निघालो.

कुठल्याच गावानं नेलं नाही. गुडघा गेला ही बातमी पेणपासून रोह्यापर्यंत पसरली. गण्याला मात्र धाटावच्या कंपनीत काम लागलं, कंत्राटी का होईना, आणि गावोगावची मंडळं त्याला न्यायला लागली. पुढे कळलं की पाहुण्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं खाल्लेल्या गोळ्यांनी. आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा खाटेवर नुसती हाडं होती. त्यांनी गण्याला जवळ बोलावलं, त्याचा गुडघा दाबून बघितला आणि विचारलं, "गोली खातस का?"

"नाय," गण्या म्हणाला.

"माज्याशी खोटा नको बोलू, शेट."

गण्यानं मान खाली घातली. पाहुणे बराच वेळ त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून होते. मी बाहेर अंगणात येऊन उभा राहिलो, मला ते बघवलं नाही.

पावसाळा संपता संपता ते गेले. आमच्याकडे कबड्डीचा गडी गेला की त्याच्या मंडळाची जर्सी तिरडीवर घालतात. सगळी तयारी झाली, जर्सी नाही. त्यांच्या गावच्या मंडळाची पोरं चुळबुळत उभी होती. त्यांच्याकडून ते कित्येक वर्षांत खेळलेच नव्हते. पाहुण्यांना जर्सी देतात ती स्पर्धेपुरती, शेवटचा सामना झाला की अंगावरून काढून घेतात. आम्हीही घेतली होती, पेणला, ते पडलेले असतानाच. त्यांची बायको म्हणाली, "एवढ्या गावांना खेळले, अंगावर घालायला एका गावचीसुदा नाय."

गण्या पाळी संपवून कंपनीच्या बसनं आधी आमच्या घरी आणि मग रिक्षानं इथे आला होता. त्यानं पिशवीतून जिल्ह्याची जर्सी काढली. त्याच्याकडे ती एकच होती, आईनं कपाटात घडी घालून ठेवलेली. ती त्यानं त्यांच्या छातीवर पसरली, बाह्या नीट केल्या.

"ही यांची नाय, भाऊ," त्यांची बायको म्हणाली.

"त्यांचीच हाय, वहिनी," गण्या म्हणाला. "मी नुसती घातली होती."