वसंतरावांची भिंगरी

वसंतराव इंगोले गेल्याची बातमी मला सकाळी साडेआठला फोनवर कळली. ती सांगतानाही सुमनवहिनींचा आवाज नेहमीसारखाच कामाचा होता. "भाऊजी, हे गेले. माळावरून आले, खुर्चीत बसले, बूट काढायला वाकले ते वाकलेलेच राहिले. डॉक्टर येऊन पाहून गेले. तुम्ही या. पण निघायच्या आधी रामधनला फोन करा, उद्यापासून काही दिवस मेंढ्या त्याला एकट्याला वळाव्या लागतील म्हणावं." मी जयपुरातच, झोटवाड्यातल्या माझ्या घरी चहाचा कप हातात घेऊन उभा होतो, तो तसाच उभा राहिलो. नवरा जाऊन तास झाला नव्हता आणि बाईंना मेंढ्यांची काळजी... परक्या माणसाला हे विचित्र वाटेल. मला वाटलं नाही. मी आधी रामधनला फोन केला आणि मगच चपला घातल्या.

आता अमरावतीचा माणूस, विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला, जयपूरच्या प्रताप नगरात राहणारा. त्याचा मेंढ्यांशी काय संबंध? संबंध भिंगरीचा. भिंगरी म्हणजे त्यांची कुत्री. आणि ती या घरात आली त्याला थोडा मीही जबाबदार आहे, हे आज वसंतराव ऐकायला नाहीत म्हणून कबूल करतो.

निवृत्तीनंतर महिनाभरातच त्यांनी मला, जुन्या मित्राला, बोलावून घेतलं आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. काळंपांढरं, केसाळ, एक कान उभा आणि एक पडलेला. "बॉर्डर कॉली. जगातली सगळ्यात हुशार जात आहे बे बापू. छत्तीस वर्षं मठ्ठ साहेबांच्या हाताखाली काढली, आता घरात एक तरी हुशार जीव पाहिजे." जन्मात त्यांनी कुत्रं पाळलेलं नव्हतं. कॉलनीतल्या सगळ्यांनी सांगितलं, लॅब्राडोर घ्या, नाहीतर रस्त्यावरचं एखादं गरीब पिल्लू घ्या. मला विचारलं तेव्हा मी फोटोकडे नीट पाहिलं आणि छातीठोकपणे म्हणालो, "एवढे केस आहेत म्हणजे आळशीच असणार. दिवसभर कूलरपुढे पडून राहील." माझ्या आयुष्यातल्या सगळ्या थापा एका पारड्यात टाकल्या तरी ही एक जड भरेल. पण मी म्हटलं नसतं तरी त्यांनी ती आणलीच असती. ते हळूच म्हणाले, "हे बघ, शहर कंपनीनं निवडलं, क्वार्टर कंपनीनं दिलं, बायको बाबांनी पाहिली. ही एक गोष्ट मी निवडून राहिलो." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ऐकू येतं मला."

दिवाळीत दोन महिन्यांचं पिल्लू आलं आणि पहिल्याच संध्याकाळी स्वतःभोवती इतक्या गिरक्या घेतल्या की वहिनींच्या तोंडून आपोआप नाव निघालं, भिंगरी. शेजारच्या लोकांना ते काही केल्या म्हणता येईना. आठवड्याभरात साऱ्या कॉलनीत तिची 'भिंडी' झाली. गल्लीतून जाताना लोक विचारायचे, "अंकलजी, भिंडी कैसी है?" आणि नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी एकदा खरोखर भाव विचारला.

मग जे सुरू झालं त्याचं वर्णन मी कमी करून सांगतो, तरी कोणाला पटत नाही. वर्षभरात भिंगरीने दोन गाद्या, कूलरची सगळी खस आणि निरोप समारंभातली सत्काराची शाल खाल्ली. नारळ तेवढा सोडला. वसंतराव तिला पहाटे पाच किलोमीटर चालवून आणत. ते दारात धापा टाकत आणि ती पट्टा तोंडात धरून पुन्हा फाटकाकडे बघत उभी. त्यांचं वजन अकरा किलो उतरलं. त्यातले सात माझ्या पदरचे आहेत, पण चार खरे. संध्याकाळी कोपऱ्यावरचा कोचिंग क्लास सुटला की पोरं रस्ताभर पसरायची. भिंगरी पट्टा हिसकावून त्यांच्याभोवती मोठा गोल घ्यायची, जमिनीला पोट लावून, डोळे रोखून, आणि पाच मिनिटांत बारा-पंधरा पोरं पाणीपुरीच्या गाडीपाशी गोळा. गाडीवाला भैया खूष होता. तिला जातायेता एक सुकी पुरी असायची.

घरात तिच्याशी फक्त मराठीत बोलायचं हा वहिनींचा हुकूम होता. इंगोल्यांचे दोन्ही मुलगे जयपुरातच वाढले, आईशी बोलताना अर्धं वाक्य मराठी आणि पुढे मतलब, मतलब. त्यामुळे वहिनींनी जाहीर केलं, "पोरं हिंदीत गेली. कुत्री मराठीत राहील." वसंतरावांनी व्हिडिओ पाहून इंग्रजी शब्द पाठ केले होते, ते सगळे टाकून द्यावे लागले. ये, जा, थांब, सोड आणि बस. हुकमाचे पाचच शब्द म्हणा, पण तिने ते असे उचलले की माझ्या पुतण्याने दहावीला तेवढे उचलले असते तर बरं झालं असतं.

घोळ झाला तो शेवटच्या शब्दात. राजस्थानात माणसाला चहा वाढा, जेवण वाढा, वाद घाला, शेवट 'बस'नेच होतो. पाहुणे कपावर हात आडवा धरून म्हणायचे, "बस जी, बस बस," आणि भिंगरी टीपॉयखाली दचकून तीनदा बसायची. एकदा रस्त्याने दोन माणसं भांडत होती, मधला तिसरा ओरडला, "बस करो यार," आणि भिंगरी भर रस्त्यात बसली. मागे ऑटोंची रांग लागली. वसंतराव वैतागून म्हणाले, "आपण बसवायला शिकवलं आणि हे सगळं शहर तिला बसवून राहिलं." मी म्हणालो शब्द बदला. ते म्हणाले, "मराठी शब्द आहे. मी काहून बदलू?"

इथवर हसण्यासारखं होतं. दुसरी दिवाळी उलटली आणि थंडीत एके दिवशी कॉलनीच्या विकास समितीचे सचिव माथुरजी स्कूटरवरून चालले असताना भिंगरीने त्यांना वळवायचा प्रयत्न केला. या जातीची कुत्री मेंढीला वळवताना टाचेला जसा हलका दात लावतात तसा तिने माथुरजींच्या टाचेला लावला. रक्त आलं नाही, मोजा फाटला. पण माथुरजी पडले असते तर काय, हा प्रश्न खरा होता, आणि समितीची चिठ्ठी आली. वहिनींनी ती चिठ्ठी फ्रिजवर लावली आणि शांतपणे म्हणाल्या, "होळीपर्यंत. होळीपर्यंत ही नीट झाली नाही, तर अजमेर रस्त्यावरच्या त्या फार्महाउसवाल्याला द्यायची. तो घेतो म्हणालाय." वसंतराव जाऊन खुर्चीत बसले. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की हा माणूस खुर्चीत बसला की किती लहान दिसतो. बदलीच्या ऑर्डरी आल्या तेव्हाही ते असे दिसले नव्हते.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, मग वसंतरावांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अंकल, इसे घूमना नहीं चाहिए। इसे नौकरी चाहिए।" निवृत्त माणसाला हे वाक्य असं लागलं की ते वाटेत दोनदा थांबले. त्या दिवसापासून ते भिंगरीसाठी नोकरी शोधू लागले. मी चेष्टा करत नाही, ते खरोखर चौकशी करत हिंडत होते. गोशाळेत विचारलं, त्यांनी हात जोडले. झालान्याकडे जंगलाच्या कडेला शेळ्या चरतात असं ऐकून तिथेही गेले, तर तिथला माणूस म्हणाला, इथे बिबट्या आहे, तुमच्या भिंडीची भाजी करेल. होळीला आठ दिवस उरले आणि तेव्हा सापडला रामधन. प्रताप नगरच्या शेवटच्या सेक्टरच्या पलीकडे, जिथे आखलेले पण न बांधलेले प्लॉट आहेत, तिथे तो मेंढ्या चारायचा. साठ-सत्तर असतील. मी एरवी तीनशे सांगतो.

त्या सकाळी मी बरोबर होतो. रामधनने भिंगरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाबूजी, विलायती कुत्ती छै। भेड़ देखी है इसने कभी?"

"नहीं देखी," वसंतराव म्हणाले, "लेकिन इसके खानदान में सब यही काम करते हैं।"

"खानदान से के होवै? म्हारे खानदान में सब भेड़ चरावैं, म्हारो छोरो मोबाइल ठीक करै छै।"

तरी तो हो म्हणाला, बहुधा करमणूक होईल म्हणून. वसंतरावांनी पट्टा सोडला. पुढे जे झालं ते इतक्या पटकन झालं की मला ते नीट आठवण्यासाठी दरवेळी नव्याने सांगावं लागतं. भिंगरी बंदुकीच्या गोळीसारखी सुटली. मेंढ्यांनी असलं प्रकरण कधी पाहिलं नव्हतं. सगळा कळप एका अंगाने उधळला, तो थेट मोठ्या रस्त्याच्या दिशेने. पलीकडे ट्रक धावत होते. वसंतराव 'ये, ये' ओरडत पळाले आणि दगडाला अडखळून पडले. त्यांच्या हाका वाऱ्याबरोबर उलट्या माझ्याकडेच येत होत्या. रस्ता चाळीस पावलांवर आला. भिंगरी मात्र कळपाच्या बाजूने मोठा वळसा घेत त्याच्याही पुढे गेली होती, कळप आणि रस्ता यांच्या बरोबर मधे. आणि रामधन, जन्मभर मेंढ्यांना हाका मारून त्याचा आवाज दोन गावं ओलांडतो, दोन्ही हात वर करून ओरडला, "बस बाबूजी, बस करो, बस!"

भिंगरी बसली.

रस्त्याच्या कडेला, कळपाकडे तोंड करून, दगडी मूर्तीसारखी बसली. समोरून येणारी पहिली मेंढी थांबली. तिच्या मागची तिच्यावर आदळली, मागच्या सगळ्या थबकल्या. ती हलेना, फक्त बघत होती. मग पुढची मेंढी वळली, आणि सगळा कळप भूक लागल्यासारखा मुकाट्याने परत माळाकडे चालू लागला. भिंगरी उठून त्यांच्या मागून, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, जणू याच कामावर पंधरा वर्षं झालेली. वसंतराव अजून मातीत बसले होते, गुडघ्यातून रक्त येत होतं आणि ते रडत होते का हसत होते ते मला सांगता येणार नाही. रामधनने आधी मेंढ्या मोजल्या. मग म्हणाला, "बाबूजी, आपकी भिंडी म्हारी बात समझै छै।" वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांनीच मला दटावलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "हाँ जी। आपकी ही समझती है।" तो गैरसमज त्यांनी शेवटपर्यंत दूर केला नाही. रामधनने सांगितलं, कल फिर लाना.

रोज पहाटे दोन तास काम सुरू झालं. परत आल्यावर भिंगरी पाणी पिऊन फरशीवर आडवी व्हायची आणि दुपारपर्यंत हलायची नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी रंग खेळून मी त्यांच्याकडे गेलो, तर वसंतराव गुलालाने माखलेले, दारातच उभे. आत वहिनींशी बोलायचा धीर होत नव्हता. शेवटी गेले आणि खाकरून म्हणाले, "होळी झाली. मग काय ठरलं?" वहिनी पुरण वाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "हळू बोला," त्या म्हणाल्या, "ती झोपलीय."

त्यानंतरची पाच वर्षं वसंतरावांनी राजासारखी काढली. उन्हाळ्यात चार वाजता निघायचं, थंडीत कानटोपी घालून साडेपाचला. दोन्ही हात पाठीमागे बांधून, वजन डाव्या पायावर टाकून ते माळावर उभे राहत आणि भिंगरी कळप वळत असे. रामधनच्या मुलाने मोबाइलवर तिचे व्हिडिओ काढले. माथुरजींनी आपल्या जावयाला ते बघायला आणलं आणि 'हमारी कॉलोनी की भिंडी' अशी ओळख करून दिली. लोक वसंतरावांना विचारायला येऊ लागले, पहिल्यांदाच कुत्रं घ्यायचंय, ही जात घ्यावी का? ते एकच सांगत, "तुमच्याकडे मेंढ्या आहेत का? नसतील तर आधी मेंढ्या बघा." कित्येकजण ते ऐकून परत गेले, आणि तो त्यांनी त्या कित्येकांवर आणि तेवढ्याच कुत्र्यांवर केलेला उपकार होता.

तेराव्यानंतर धाकटा निखिल गुरुग्रामला परतायचा होता आणि त्याने आईला बरोबर न्यायचं ठरवलं होतं. त्याचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर, सोसायटीत कुत्रं चालत नाही. "आई, मतलब, भिंगरीला कोणी चांगला माणूस घेईल ना. रामधनजीच घेतील." त्या दिवसांत भिंगरी फाटकाशी बसून होती. रामधन स्वतः न्यायला आला तरी उठली नव्हती. खात होती, पण उभ्याने, एका डोळ्याने रस्ता बघत.

शेवटच्या सकाळी वहिनींनी निखिलला आणि मला साडेपाचला उठवलं. मी मुक्कामाला तिथेच होतो. त्यांच्या पायात वसंतरावांचे कॅनव्हासचे बूट होते, पुढे कापूस कोंबलेला. आम्ही चौघं माळावर गेलो. भिंगरी आली खरी, पण वहिनींच्या साडीला चिकटून. रामधनने मेंढ्या सोडल्या, त्या पांगल्या, भिंगरी जागची हलली नाही. निखिल हळूच म्हणाला, "आई, राहू दे." वहिनींनी उभ्या आयुष्यात तिला हुकूम दिला नव्हता, शब्द ठरवले होते तेवढेच. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, वजन डाव्या पायावर टाकलं आणि म्हणाल्या, "जा."

भिंगरीने एकदा वर पाहिलं. मग ती गेली. अशी गेली की मी पाहिलेल्या सगळ्या सकाळींमध्ये ती सकाळ मी पहिली धरतो, आणि यात माझ्या पदरचं काहीही नाही. पांगलेला कळप तिने एका वळशात जुळवला, पाठीवर ऊन घेत तो गुबगुबीत ढिगारा आमच्या पायांपाशी आणून ठेवला, आणि रामधनने डोक्यावरचं पागोटं काढून पुन्हा बांधलं. निखिल बघत राहिला. त्याने बापाला या माळावर कधी पाहिलंच नव्हतं.

वहिनींनी नजर मेंढ्यांवरून काढली नाही. "तुझी गाडी कितीची आहे रे?"

"दुपारी दोनची."

"मग तू हो पुढे, आंघोळ करून घे. पिशवीत लाडू ठेवलेत ते ने. मला तिकडे यायला वेळ लागेल, तिचं काम अजून व्हायचंय."