रविवारचा राब

ज्या देशात माझ्या भावाला राहायची परवानगी नव्हती, तिथं मरायची परवानगी त्याला कोणी दिली? हा प्रश्न मी एजंटला विचारला, भोरच्या कचेरीत विचारला, घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारला. उत्तर कुणी दिलं नाही. किस्से मात्र सगळ्यांनी दिले. कामथडीच्या फाट्यावर आम्ही भाड्याचे पिकअप लावून उभे असतो. दत्तादादा गेल्यापासून तिथं जो येतो तो दादाचा एक किस्सा टाकून जातो. आता इतके साठलेत की गाडीच्या हौद्यात मावणार नाहीत.

दादा माझा थोरला भाऊ. टुरिस्ट व्हिसावर युरोपात गेला आणि व्हिसा संपल्यावर तिथंच राहिला, एका म्हातारीच्या गोठ्यावर कामाला. देशाचं नाव लिहिणार नाही. तिथं अजून आपली पोरं लपून आहेत. दादाची जागा रिकामी आहे आणि म्हातारीने त्या जागेवर मला बोलावलंय. एजंट म्हणतो, रस्ता तोच. मी जावं की न जावं, यावर फाट्यावर रोज बैठक बसते.

माझ्या बरोबरीचा ड्रायव्हर बाळू कायम फायद्याच्या बाजूने. आमच्या गावी, पासलीला, घरावर स्लॅब पडला, बोअर मारला, आमच्या बहिणीचं, तायडीचं, लग्न थाटात झालं. "हितं भाडी मारून झालं असतं का ह्यातलं काय?"

भोंगवलीचे पोपटनाना आमच्यात सगळ्यांत वडील. ते तोट्याच्या बाजूने. "स्लॅबखाली एक दिस तरी झोपला का त्यो?"

मला दोघांचंही पटतं. हीच तर पंचाईत आहे.

*

तायडीच्या लग्नाला दादा आला नाही. आला असता तर परत जाता आलं नसतं. मग मी मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवला, कॅमेरा बाहेर करून, आणि दादाला लग्न दाखवत फिरलो.

कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवऱ्या मुलाचा कान पिळायचा असतो. दाजी भला माणूस, म्हणून मी हलकाच पिळला.

खिशातून आवाज आला, "ह्यो तुझा झाला. माझ्या वाटचा कुठंय?"

मी पुन्हा पिळला. जरा जोरात.

"दिसलं न्हाई. रेंज गेली व्हती."

तिसऱ्या वेळी दाजी ओरडले आणि भटजी मंत्र विसरले. दाजी अजून सगळ्यांना सांगतात, मला दोन मेव्हणे, त्यातला लांबचा जास्त जोराचा!

*

हायवेच्या ढाब्यावर भट्टीला एक नवा पोरगा आला होता. गाव कुठलं विचारलं की गप्प बसायचा. नाना पेटले. कागद नाही त्याला हाकला, आपल्या पोरांची कामं खातात, असं बरंच काही बोलले. बाळूने हो ला हो केलं. बॉनेटवर मोबाईल उभा होता आणि मोबाईलमध्ये दादा होता, हे नानांच्या ध्यानातच नाही.

"मंग मलाबी हाकलायचं का, नाना?"

"तुझं येगळं. तू कष्टाचा हायेस."

"म्हातारीबी हेच म्हणते. माझा दत्ता ऱ्हाऊ द्या, बाकीचे हाकला."

नाना उठले. आम्हाला वाटलं चिडून चाललेत. ते ढाब्यावर गेले आणि भट्टीवरच्या पोराला विचारलं, "जेवलास का रं?"

*

मधे बाळूच्याच डोक्यात जायचं भरलं. त्याने दादाला विचारलं, तिकडं तोटा काय?

"काय न्हाई. फकस्त आजारी पडायचं न्हाई."

दादाची दाढ सुजली होती. दवाखान्यात गेलं की नाव लागतं आणि नाव लागलं की पोलीस येतात, अशी त्याची समजूत. म्हातारीने त्याला गोठ्यात बसवलं आणि गाई तपासायला येणाऱ्या डॉक्टरला पुढे केलं. त्या माणसाने दाढ उपटली, गाईची थोपटतात तशी दादाची पाठ थोपटली आणि म्हातारीला सांगितलं, "आज ह्याचं दूध काढू नका."

फाट्यावर आम्ही हसून हसून लोळलो.

छातीत दुखायला लागलं, त्या दिवशीही दादाने गाईच्या डॉक्टरचीच वाट बघितली. तो त्याचा यायचा वार नव्हता.

*

म्हातारीने खूप धावपळ केली आणि दादाला पेटीतून घरी पाठवलं. विमानतळावरून पेटी आमच्याच पिकअपमधून आणायची, हा नानांचा हट्ट. दादा त्याच गाडीवर स्टेअरिंग धरायला शिकला होता.

वाटेत पोलिसाने हात केला आणि कागद मागितले. नाना खाली उतरले आणि अख्खी फाईल त्याच्या हातात दिली. दोन्ही देशांचे शिक्के, सह्या, सगळं त्यात होतं.

"बगा, सायेब. आमच्या पोराचे कागद पयल्यांदाच पुरे झालेत."

पोलिसाने फाईल न उघडता परत दिली, मागच्या गाड्या थांबवल्या आणि आम्हाला आधी काढून दिलं.

*

भोरहून एक साहेब घरी भेटायला आले. शिकलेला माणूस. आईसमोर बसून म्हणाले, बेकायदा गेलं की असंच व्हायचं. तोंडात चहाचा घोट होता तरी बोलले.

मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि उभ्याउभ्याच पिऊन टाकला. "ह्या चहाची साखरबी दादाच्या पैशाची, बेकायदाच हाय, सायेब. तुमाला बाधंल."

आईने मला आत ढकललं आणि त्यांना दुसरा कप नेऊन दिला. बिनसाखरेचा.

*

पण फाट्यावर सगळ्यांत जास्त वेळा सांगितला जातो तो राबाचा किस्सा.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी, उन्हाळ्यात, ती जागा भाजून घेतात. खाली शेण, त्यावर पाला, गवत, वरून बारीक माती, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवायचं. हाच राब. तण मरतं आणि रोप जोमात येतं.

म्हातारीने दादाला कोबीच्या रोपांसाठी वाफा तयार करायला सांगितलं. दादाला वाफा म्हणजे जे माहीत, ते त्याने केलं. राब भाजला!

धूर त्यांच्या गावावर गेला. आगीचे बंब आले, मागून पोलीस. पळायला वाट नव्हती. मग दादाने सरळ बंबाचा पाईप धरला आणि त्यांच्याबरोबर ओढायला लागला. स्वतः लावलेला राब स्वतःच विझवला. पोलिसाने खांद्यावर थाप मारून त्याला पाण्याची बाटली दिली. म्हातारी दारात उभी राहून सगळं बघत होती.

रोपं मात्र अशी तरारली की पुढच्या साली तिनेच सांगितलं, "भाज. पण रविवारी. रविवारी बंबवाले उशिरा येतात."

*

मागच्या आठवड्यात मी पासलीला वावरात होतो. आई शेणाची पाटी घेऊन आली होती. नाना आणि बाळू बांधावर बसून माझ्या जाण्याचीच चर्चा करत होते, कारण एजंटला पासपोर्ट द्यायचा तोच दिवस होता. पासपोर्ट खिशात होता.

मोबाईल वाजला. स्क्रीनवर दादाचं नाव. माझ्या हातातलं खोरं खाली पडलं.

व्हिडिओवर म्हातारी होती. दादाचा फोन तिच्याकडेच राहिलाय. तिच्याकडचं यंत्र तिचं बोलणं मराठीत करून सांगतं, बातम्या दिल्यासारखं. म्हणाली, वाफा तसाच पडलाय, दत्तासारखं कुणाला जमत नाही. तू कधी येतोस?

बांधावरचे दोघे उठून जवळ आले. आई पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी.

मी मोबाईल दगडावर ठेवला. तो उभा राहीना, म्हणून मागून पासपोर्टचा टेकू दिला.

"बघा," मी म्हणालो, आणि आईच्या डोक्यावरची पाटी उतरवली.

शेण पसरलं. तिकडे गमबूट घातलेल्या म्हातारीने फावड्याने शेण पसरलं. मी पाला टाकला, तिने पाला टाकला. गवत, माती. मधेच एजंटचा फोन आला, तो मी कापला. वारा बघायला मूठभर माती उधळली, तर म्हातारीनेही उधळली आणि सगळी तिच्याच केसांत गेली. आई पदर तोंडाला लावून हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

"उलट्या अंगाला जावा," मी सांगितलं. यंत्राने तिला तिच्या भाषेत सांगितलं. ती वाफ्याला वळसा घालून गेली. आम्ही दोघांनी एकदमच काडी लावली.

धूर इकडेही झाला, तिकडेही. म्हातारी दिसेनाशी झाली. आणि मोबाईलमधून लांबून सायरन ऐकू यायला लागला.

आई घाबरली. "काय वाजतंय रं ते?"

मी मोबाईलजवळ वाकलो आणि विचारलं, "आजी, आज वार कंचा?"

धुरातून उत्तर आलं, बातम्या दिल्यासारखं. "रविवार."

"मंग टाईम हाय," मी म्हणालो. "अजून पाला टाका."