दसऱ्याच्या पूजेतली कोरी फ्लॉपी

सत्यभामाबाईंची व माझी ओळख कशी झाली, हे प्रथम लिहिते. प्रौढ वर्गात आम्हाला असे शिकविले आहे की, ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याशी आपला संबंध आधी सांगावा. डोणगावात बसथांब्याच्या मागे सत्यभामाबाईंचे टंकलेखनाचे वर्ग होते. तेथे झाडणे, पुसणे व पाणी भरणे ही कामे मी नऊ वर्षे केली. त्या मला सोजरामावशी म्हणत. मी त्यांना नुसते बाई म्हणत असे.

वर्ग त्यांच्या यजमानांनी सुरू केले होते. ते वारल्यावर लोकांना वाटले की बाई यंत्रे विकून माहेरी वरवट बकालला जातील. बाई गेल्या नाहीत. तेराव्या दिवसानंतर त्यांनी दाराचे कुलूप काढले, पहिल्या यंत्रापुढे बसल्या आणि पुस्तक पाहून स्वतः टंकलेखन शिकल्या. पुढे त्या मुलींच्या बोटांवर रुमाल अंथरून त्यांना न पाहता टंकन करायला लावीत. शिकवताना त्यांचा आवाज कधी चढला नाही.

सन १९९२ च्या उन्हाळ्यात बाईंनी अकोल्याला सहा आठवडे राहून संगणक शिकून घेतला व एक जुना संगणक आणला. बसमध्ये त्याचा पडदा त्यांनी मांडीवर घेतला होता आणि पेटी पायांशी ठेवली होती. अकरा मुलींनी नावे दिली. मुलींच्या वडिलांची अट एकच होती. वर्गाला सरकारी मान्यता मिळाली पाहिजे, म्हणजे परीक्षा गावातच होईल. परीक्षेसाठी किंवा शिकण्यासाठी मुलगी बसने मेहकरला जाणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. मान्यतेसाठी तपासणी करणारे साहेब येणार होते आणि त्यांना यंत्र चालू दाखवायचे होते. त्यांनी कळविलेली तारीख नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची निघाली.

आता आमच्या वर्गातील पूजेची रीत सांगणे आवश्यक आहे. दसऱ्याला दहाही टंकयंत्रे पुसून त्यांना हळदकुंकू वाहत असत व झेंडूच्या माळा घालीत असत. प्रत्येक यंत्रात एक कोरा कागद चढवून ठेवीत, कारण पूजेच्या वेळी यंत्राचे तोंड रिकामे असू नये, असे बाईंचे यजमान मानीत. दुसऱ्या दिवशी त्या कागदावर पहिली ओळ उमटली की मगच माळ उतरवायची. बाई विधवा असल्यामुळे कुंकवाच्या ताटाला हात लावीत नसत. पूजा होईपर्यंत त्या बाहेर ओट्यावर बसत आणि पूजा मी करीत असे. त्या वर्षी संगणक नवीन होता. त्याच्या पेटीलाही तोंडासारखी एक फट होती. बाई त्या फटीत फ्लॉपी घालतात, हे मी रोज पाहत होते. फ्लॉपी म्हणजे काळी, पातळ, चौकोनी वस्तू. संगणकातील लिखाण तिच्यावर उतरवून ठेवतात. मी खोक्यातील एक कोरी फ्लॉपी घेतली, तिला कुंकवाचे बोट लावले, फटीत सरकवली व बाईंप्रमाणेच फटीची कडी फिरवली. पेटीच्या पुढच्या अंगावर माळ अडकवली. फट माळेखाली झाकली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बाईंनी बटण दाबले. आतील पंखा फिरला, पडदा उजळला, काही अक्षरे आली. पेटीतून दोनदा घर्र असा आवाज आला व पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ उभी राहिली. ओळ पुढे सरकेना. बाईंनी कळ दाबली. पुन्हा घर्र झाले आणि पुन्हा तीच ओळ आली. मी विचारल्यावर त्यांनी अर्थ सांगितला. डिस्क बरोबर नाही, बदला आणि कळ दाबा, असे यंत्र म्हणत होते. अकोल्याच्या वहीत त्यांनी लिहून घेतले होते की पेटीच्या आत एक मोठी डिस्क कायमची बसविलेली असते व ती गेली तर यंत्र गेले. ते पान त्यांनी दोनदा वाचले. मग वही मिटली, पण बोट पानातच राहू दिले.

त्यानंतर त्यांनी जे जे करता येईल ते केले. यंत्र बंद करून शंभर अंक मोजले व पुन्हा लावले. मागील सर्व तारा काढून एकेक परत खोचली. वीज नीट येते का, हे पाहण्यासाठी शेजारच्या घरातून दुसरी वायर आणून दिवा लावून पाहिला. अकोल्याला फोन लावण्यासाठी त्या स्वतः धावत गेल्या, पण तिकडे कोणी उचलला नाही. साडेनऊला कचरू आला. तो रेडिओ दुरुस्त करीत असे. त्याने पेटीचे वरचे झाकण काढले आणि सायकलच्या पंपाने धूळ उडवली.

"बाई, मी रेडिओ खोलतो. हा त रेडिओचा बाप हाय," तो म्हणाला. त्याने झाकण जसेच्या तसे बसवून दिले आणि चहासुद्धा न घेता गेला.

माळ बाजूला करू का, असे मी एकदा विचारले होते. पहिले काम झाल्याशिवाय नको, आधीच काय कमी विघ्ने आहेत, असे बाई म्हणाल्या. अकराही मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांतील चांगुणा थोडी बोलकी होती.

"त्यालेई दसऱ्याची सुट्टी पाह्यजे असंन," ती म्हणाली. कोणी हसले नाही. मग तीच रडू लागली. बाईंनी तिला जवळ घेतले नाही, कारण त्यांचे दोन्ही हात त्या वेळी कळफलकावर होते.

साहेब अकराला आले. ते वाईट मनुष्य नव्हते. ते दीड तास बसले, पाणी प्याले, स्वतःही दोन कळा दाबून पाहिल्या. शेवटी ते म्हणाले, "बाई, बंद यंत्राला चालू असे मी लिहू शकत नाही." पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा, असे सांगून ते मेहकरच्या बसकडे गेले. मुलीही घरी गेल्या.

बाई बाकावर बसून राहिल्या. मला दुसरे काही सुचेना, म्हणून मी पूजा आवरायला घेतली. दहा यंत्रांतील दहा कागद एकेक करून काढले. मग संगणकाची माळ उतरवली आणि माझा हात थांबला.

"बाई, याच्या तोंडातली फ्लॉपी राह्यली. काढू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "कव्हा घातली?"

"काल, पूजेत. तोंड रिकामं ठेवू नाई म्हणून."

बाई उठल्या. त्यांनी कडी फिरवून फ्लॉपी बाहेर काढली व एक कळ दाबली. यंत्र सुरू झाले. ते आतील डिस्ककडे जाण्याआधी फटीतील फ्लॉपी वाचू पाहत होते, आणि कोऱ्या फ्लॉपीत वाचण्यासारखे काहीच नव्हते. बाई तशाच अनवाणी बसथांब्याकडे धावल्या. बस निघून गेली होती. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या पायाला काच लागली होती. ते त्यांच्या लक्षातही आले नव्हते. रक्त मी पुसले.

अकरा मुलींपैकी चार पुन्हा आल्या नाहीत. त्यांतील चांगुणाचे वैशाखात लग्न झाले. उरलेल्या सात जणींना बाईंनी मान्यतेशिवायच शिकविले. यंत्र का बंद होते, असे लोक विचारीत. बंद होते, एवढेच बाई सांगत. माझे नाव त्यांनी कोणापुढे घेतले नाही. म्हणून ते मी स्वतः येथे लिहीत आहे.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर जाऊ नये असे ठरविले होते, तरी गेले. मला वाटले, बाई हिशेब करून मला निरोप देतील. त्यांनी टेबलावर एक पुठ्ठा व शाईचे पेन ठेवले होते. तेव्हा मला प्रौढ वर्गात जाऊन पाचच महिने झाले होते आणि माझे अक्षर वाकडे येत असे. बाईंनी खुर्ची माझ्याकडे सरकवली व म्हणाल्या, "मावशी, पोरीईसाठी तुमच्या हातानं एवढं लिवून द्या, सुरू करायच्या आधी तोंड पाहा."