सात नंबरच्या बाटलीतला हात

त्या दिवशी काळ्या पडद्याच्या खोलीत आम्ही चार जण होतो. मी यमुना, कोरीटची, नंदुरबारच्या एका कॉलेजात लॅबची काचभांडी धुते. सुनीता, धडगावकडची पोरगी, तिथेच पीएचडी करते. रघुनाथ, लॅबचा शिपाई. आणि सर. माझी मंदा नव्हती... तिला जाऊन चार महिने झाले होते.

मी चौथी शिकलेली. मी बोलते, सुनीता मोबाईलवर लिहून घेते. भूतबित मी कधी मानलं नाही. गावात एका बाईला डाकीण म्हणून मारायला निघाले होते, तेव्हा मी तिच्या दारात बसून राहिले होते. अशी मी. तरी हे सांगते.

लॅबमध्ये वाळू बनवतात. नदीतली नाही. स्पिरिट, डोळ्यांना झोंबणारा अमोनिया, आणि वरून थेंब थेंब एक औषध. आत ढवळायची पांढरी गोळी खालच्या चुंबकाने गरगर फिरते, पाणी दुधासारखं होतं. त्या दुधात वाळूचे कण असतात, डोळ्यांना न दिसणारे. सुनीता म्हणायची, "मावशी, या कणाच्या पोटात आम्ही धातूचा रंग कोंडतो. उघड्यावर तो विझून जातो, वाळूच्या पोटात टिकतो." पुढे माणसाच्या अंगातला आजार शोधायला त्याचा उपयोग होईल म्हणे. असं बघायला गेलं तर नुसती पांढरी भुकटी. जांभळ्या दिव्याखाली धरली की पळसाच्या फुलासारखी पेटते.

ही वाळू काचेला चिकटून बसते. म्हणून भांडं धुतल्यावर तेही त्या दिव्याखाली धरायचं. काच काळी दिसली तर स्वच्छ. कुठे ठिपका पेटला तर परत धुवा.

माझ्या आधी हे काम मंदा करायची. माझी लेक. नवऱ्याने सोडलेली, दहा वर्षं माझ्याजवळच होती. तिच्या डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट अर्धं होतं. सहा वर्षांची असताना कडबा कापायच्या मशीनमध्ये गेलं... मशीनचं चाक मी फिरवत होते. त्यावरून ती मला कधी बोलली नाही.

एकदा सात नंबरच्या बाटलीतली वाळू बिघडली, गोळे झाले. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मंदाबाई, बाटली घाण होती. तुमच्यामुळे महिन्याभराचं काम गेलं." घरी येऊन ती चुलीपुढे बसली. म्हणाली, "माय, मी दिवाखाले धरीसन देखं व्हतं. काच काळी व्हती. माले खोटं कसाले पाडं?" मी म्हटलं, "जाऊ दे, मोठा माणूस शे." तेवढंच म्हटलं मी. पंधरा दिवसांत तिला कावीळ झाली आणि ती गेली. त्या बोलण्याने मेली असं मी म्हणत नाही. पण ते बोलणं सोबत घेऊन गेली.

तिच्या जागी मी लागले. घरात बसून काय करणार होते?

त्या दिवशी सुनीताने वरच्या फळीवरून सात नंबर काढली. गोल बुडाची, लांब मानेची, मानेवर सात कोरलेला. मानेतून माझी दोन बोटं कशीबशी जातात. मी ब्रशने घासली, तीनदा खळखळून धुतली. दिव्याखाली सुनीताने आणि मी दोघींनी बघितली. काळीभोर. रघुनाथ म्हणाला, "माय, तुन्ही धोयेल काच इतली साफ शे, मन्हं तोंड दिखी ऱ्हायनं. घाबरी गऊ मी!" स्वतःचंच तोंड बघून घाबरला म्हणे. आम्ही हसलो. बाटली तिथेच दिव्याजवळ उलटी ठेवली, बाहेर टेबलावर तिघांनी चहा घेतला. खोलीचं दार आमच्यासमोर होतं. दुपारचे बारा वाजले असतील.

चहा पिऊन सुनीता आत गेली आणि तिने हाक मारली. ओरडली नाही. नुसतं, "मावशी..."

बाटलीत हात पेटला होता. पूर्ण पंजा. कोणी आतून काचेला टेकवावा तसा. रेषा न् रेषा दिसत होती. डावा हात... आणि करंगळीजवळचं बोट अर्धं.

रघुनाथने बाहेरून फडक्याने जोरात पुसलं. काही नाही. सुनीताने लांब काडीला कापूस गुंडाळून आत घातला, अंगठ्याच्या कडेला हलकेच लावला. कापूस लाल पेटला, आणि अंगठ्याची कड तेवढी गेली. मी तिचा हात धरला. "बस."

रघुनाथ सरांना घेऊन आला. त्यांनी वाकून बघितलं. त्या बोटाकडेच. मग म्हणाले, "यमुनाबाई, धुऊन टाका."

"सर, ही मी धुणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला कामाला नाही म्हटलं. सरांनी चष्मा काढला. "मंदाबाईंनी ही दिव्याखाली बघितली होती का?"

"हो सर. मला सांगितलं होतं तिने."

त्यांनी बाटली स्वतः कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी सुनीताने सगळी औषधं तपासली. अमोनियाची बाटली मंदाच्या वेळचीच होती, जोर गेलेला. नवीन आणला आणि वाळू नीट झाली. सरांनी मला बोलावलं, म्हणाले, "चूक मंदाबाईंची नव्हती." मी म्हटलं, "सर, हे सगळ्यांसमोर बोला." आणि बोलले ते, खोटं कशाला सांगू.

एवढ्याशा मानेच्या बाटलीत हात कसा उतरला... सुनीताला विचारलं. एवढी शिकलेली पोर, ती म्हणते, "मावशी, मला नाही माहीत." मला तर काय कळणार.

नंतर लॅब नवीन इमारतीत गेली. मी तेव्हा आठ दिवस तापाने घरी होते. जुनी काच खोक्यांत भरून दुसऱ्या कॉलेजांना वाटून टाकली. कपाट रिकामं सापडलं.

म्हणून हे लिहायला लावलंय. तुम्ही कुठल्या लॅबमध्ये असाल, आणि मानेवर सात कोरलेली गोल बुडाची बाटली तुमच्याकडे आली असेल, तर ती एकदा जांभळ्या दिव्याखाली धरा. हात दिसला तर घाबरू नका, माझी मंदा कोणाला काही करणार नाही. फक्त ती बाटली धुऊ नका.