भट्टीत गेलेला बांध

माझ्या अक्काचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, सहा वर्षांनी भडगावला आले. मलबारपलीकडच्या एका लहानशा बेटावर, एका कंत्राटदाराच्या चुनाभट्टीवर ते देखरेखीला होते. अक्काही तिथंच राहून आली. दोघं पूर्वीसारखीच दिसत होती. फक्त भाऊजी बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि कान देऊन काहीतरी ऐकायचे. आमच्याकडे तर दुपारी झाडाचं पानही हलत नसे.

दिवाळीआधी मायनं अंगणातल्या पिंपात कळीचा चुना भिजत घातला. चुना फसफसला, तडतडू लागला. भाऊजी ओट्यावरून उठले, पिंपाशी जाऊन वाकले. वर पाहिलं तेव्हा तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"माय, भिंतींना हे लावू नका."

"काबरं? हाऊ चुना आपला नदीकाठना शे," माय म्हणाली. "बठ्ठा गाव लावस." खरंच, सगळं गाव तोच लावायचं.

भाऊजी बाहेर निघून गेले. मग अक्कानं मला मागच्या दारी बसवून सांगितलं.

"तिथं चुना समुद्रातून काढतात. पाण्यात पोवळ्यांचा बांध असतो, बेटाभोवती गोल. दगड वाटतो, पण जिवंत असतो तो. फोडून किनाऱ्यावर ढीग घातला की त्यातून चिकट पाणी गळतं आणि दिवसभर बारीक तडतड ऐकू येते. एक म्हातारी रोज यांना सांगायची, 'हा आमच्या दारातला राखणदार आहे. मासळी याच्या पोटात वाढते, लाटा याच्या अंगावर फुटतात. याला जाळू नका.' हे हसायचे."

"मग?"

"आधी मासे गेले. होड्या रिकाम्या येऊ लागल्या. मग बांधाला जिथं खिंडार पाडलं होतं, तिथून लाटा थेट आत शिरल्या. नारळ आडवे झाले, विहिरी खारट झाल्या. शेवटी किनाऱ्यावरचं कबरस्तान खचलं. सकाळी वाळूवर पांढऱ्या काटक्या पसरलेल्या असायच्या. पोवळं कुठलं नि हाड कुठलं, कळायचं नाही. आणि मजूर सगळंच पाट्यांत भरत होते. भट्टी चालूच होती."

मायनं त्या वर्षी भिंती नुसत्या शेणामातीनं सारवल्या. पण भाऊजींचं ऐकणं थांबलं नाही. भाऊबीज झाल्यावर ते अक्काला म्हणाले, "अजून एका बाजूचा बांध शाबूत आहे. मला गेलं पाहिजे."

"तुम्ही एकटे काय करणार?"

"फोडा म्हणून सांगायला तरी मी एकटाच उभा होतो ना?"

अक्कानं त्यांची वळकटी स्वतः बांधून दिली.

पुढं एकच पत्र आलं. ओहोटीला ते त्या म्हातारीच्या मुलांबरोबर कमरेभर पाण्यात उभे राहतात, कंत्राटदाराच्या होड्या दोनदा परत गेल्या, असं लिहिलं होतं. अक्कानं पत्राचा शेवट माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "मासे थोडे परतले आहेत. रोज संध्याकाळी माणसं मोजतो. आम्ही सातजण उभे असतो. मोजताना आठ भरतात. आठवा तो राखणदारच असावा."

त्यानंतर काही कळलं नाही. अक्कानं कुंकू मात्र शेवटपर्यंत पुसलं नाही, आणि ते अजून सातांत उभे आहेत की आठवे झालेत, हे मी तिला कधी विचारलं नाही.